काळोख कुठला हवा?

"काहीतरी गडद द्या. खवळलेलं. गाणं शक्यतो नको, नुसती वाद्यं."

लंडनच्या सोहो भागातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्याला ही मागणी नवी नसते. कलाकाराचं नाव नाही, साल नाही, देश नाही. गिऱ्हाईक नुसती एक मनःस्थिती काउंटरवर ठेवतं आणि समोरच्यानं मागच्या रॅकमधून नेमकी रेकॉर्ड काढून द्यावी म्हणून वाट बघत उभं राहतं. पुण्याहून शिकायला गेलेला एक तरुण अशाच एका दुकानात आधी शनिवार-रविवार आणि शिक्षण संपल्यावर पूर्णवेळ कामाला लागला. प्रोग्रेसिव्ह आणि प्रायोगिक संगीताचा कोपरा हळूहळू त्याच्याकडेच आला. अशी मागणी आली की तो लगेच रॅककडे वळत नाही. आधी विचारतो, "काळोख कुठला हवा?"

गिऱ्हाईक क्षणभर गोंधळतं. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय या कोपऱ्यात कुणाला काही देता येत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. किंग क्रिम्सन या बँडच्या १९७३-७४ च्या रेकॉर्डमध्ये ताण आहे. तार आता तुटेल, मग तुटेल असं वाटत राहतं आणि ती तुटत नाही. बेल्जियमच्या युनिव्हेर झेरोकडे मध्ययुगीन थंडावा आहे, बसून या फुंकवाद्याचा आणि व्हायोलाचा. माँट्रियालच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्पररकडे ओसाड पडलेलं आधुनिक शहर आहे आणि त्यावर वीस-वीस मिनिटं साचत जाणारा आवाज आहे. इटलीच्या गॉब्लिनकडे तर सरळसरळ भयपटच. यातलं एक आवडलं म्हणून दुसरं आवडेल याची काही खात्री नसते. 'डार्क' एवढाच धागा धरून रेकॉर्ड दिली, तर ती चार दिवसांनी दुकानात परत येते आणि ते गिऱ्हाईक मात्र पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. त्याला वाईट वाटतं ते या दुसऱ्या गोष्टीचं.

मागणारे येतात तेही वेगवेगळ्या वाटांनी. हेवी मेटल ऐकून शब्दांना कंटाळलेली पोरं असतात; त्यांना गिटारचं वजन हवं असतं, किंचाळी नको असते. बार्टोक आणि स्त्राविन्स्की वाजवणारे संगीत विद्यालयातले विद्यार्थी असतात. भयपटांचे शौकीन असतात. जॅझ ऐकत वय झालेले, रेकॉर्ड उन्हात तिरपी धरून ओरखडे तपासणारे शांत लोक असतात. त्या सगळ्यांना तो पुढचा प्रश्न एकच विचारतो: अलीकडे असं काय ऐकलंत, की ते संपल्यावर लगेच दुसरं काही लावावंसं वाटलं नाही? उत्तर मिळालं की निम्मं काम होतं.

मेटलवाल्यांसाठी दार ठरलेलं आहे: 'रेड', १९७४. किंग क्रिम्सन तोवर तिघांवर आला होता. गिटारवर रॉबर्ट फ्रिप, बेसवर जॉन वेटन, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड. फ्रिपनं त्या सप्टेंबरात बँड मोडल्याचं जाहीर केलं आणि रेकॉर्ड बाजारात आली ऑक्टोबरात, म्हणजे बँड संपल्यावर. शीर्षकाचा तुकडा सहा मिनिटांहून थोडा मोठा. त्यात एकही शब्द नाही. गिटार पायरी पायरीनं वर चढते, मध्ये एका ठिकाणी सगळं दबकं होतं आणि खालून चेलो सरकतो, मग पुन्हा तीच चढण. दुकानातल्या टर्नटेबलवर तो हा तुकडा लावतो आणि काही बोलत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची ही रेकॉर्ड आहे यावर पोरांचा विश्वास बसत नाही. २००१ साली टूल या अमेरिकी मेटल बँडनं आपल्या दौऱ्यात किंग क्रिम्सनला सोबत घेतलं होतं, हे सांगितलं की पोरांना नातं कळतं.

'रेड' आवडली की पुढं काय द्यायचं, इथं त्याचा खरा कस लागतो. बहुतेक लोक सवयीनं क्रिम्सनचीच आधीची रेकॉर्ड देतात. तो बेल्जियमला जातो आणि प्रेझेंट या बँडची 'त्रिस्काइदेकाफोबी' काढतो, १९८० ची. रॉजे त्रिगो हा गिटारवादक १९७९ मध्ये युनिव्हेर झेरोतून बाहेर पडला आणि त्यानं हा बँड काढला. पहिल्या रेकॉर्डवर ड्रम्सला युनिव्हेर झेरोचाच दानियेल देनिस आहे. म्हणजे 'रेड'मधल्या गिटारचं वजन ऐकणाऱ्याच्या हातातून सुटत नाही आणि देनिसच्या ड्रम्सचा हात धरून तो पुढं युनिव्हेर झेरोच्या थंड खोलीत आपोआप पोचतो. तिथे गिटार मागं सरते, बसून पुढं येतो. एकदम तिथे नेलेला माणूस घाबरून पळतो, प्रेझेंटमार्गे गेलेला रमतो. शिफारशीत नावापेक्षा क्रम महत्त्वाचा, हे त्याचं मत अशा अनुभवांतून पक्कं झालं आहे.

काउंटरइतकंच महत्त्वाचं दुसरं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. रेकॉर्डच्या प्लास्टिकच्या पिशवीवर एक छोटी चिठ्ठी चिकटवायची, त्यावर दुकानातल्या माणसानं हातानं चार ओळी लिहायच्या. गिऱ्हाईक उभ्यानं, गर्दीत, एका हातात पिशवी धरून वाचतं, त्यामुळे तिथं लांबण लावून चालत नाही. सुरुवातीला दुकानातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'अजरामर', 'थरारक' अशी विशेषणं असत. या कोपऱ्यातून त्यानं ती हद्दपार केली. वाद्यं कुठली, तुकडे किती लांब, आवाज आहे का, उकळी कुठं फुटते आणि अडचण कुठं येते, एवढंच तो लिहितो. अडचण तर तो मुद्दाम लिहितोच. ती लपवून विकलेली रेकॉर्ड विश्वास घालवते असं त्याचं म्हणणं आहे.

क्रिम्सनच्या 'लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक'वरच्या, म्हणजे १९७३ च्या रेकॉर्डवरच्या चिठ्ठीची पहिलीच ओळ सूचनेची आहे: सुरुवात ऐकून आवाज वाढवू नका. पहिला तुकडा तेरा मिनिटांच्या वर आहे आणि त्याचा आरंभ अंगठ्यांनी वाजवायच्या बारीक आफ्रिकी पट्ट्यांनी होतो. किणकिण इतकी हलकी असते की ऐकणारा उठून आवाज मोठा करतो. दोन-तीन मिनिटांत व्हायोलिन भुणभुणायला लागतं आणि मग गिटार आणि ड्रम्स एकदम अंगावर येतात. तालवाद्यांवर ब्रुफर्डच्या जोडीला जेमी म्यूर होता. पत्रे, साखळ्या, घंटा, जे हाताला येईल ते वाजवणारा. रेकॉर्ड बाजारात यायच्या सुमारास म्यूरनं बँड सोडला आणि तो स्कॉटलंडमधल्या सम्ये लिंग या बौद्ध मठात जाऊन राहिला. ही हकिगत चिठ्ठीत मावत नाही. ती तो तोंडी सांगतो, कारण ती ऐकल्यावर माणूस त्या किणकिणीकडे वेगळ्या कानानं जातो.

'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या १९७४ च्या रेकॉर्डवरची चिठ्ठी अशी: "बराचसा भाग मैफिलीतला आहे, टाळ्या कापल्या आहेत. शेवटचा 'फ्रॅक्चर' हा तुकडा अकरा मिनिटांचा. मधला भाग हळू आहे म्हणून उठू नका." 'फ्रॅक्चर' २३ नोव्हेंबर १९७३ ला अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये वाजवलेला आहे. मधल्या भागात फ्रिप एकेक सूर सुटा सुटा, न थांबता, दबक्या आवाजात वाजवत जातो, आणि त्या सलग बोटकामाचं फळ शेवटच्या तीन मिनिटांत मिळतं. हे समोर माणसं बसलेली असताना वाजवलेलं आहे हे कळलं की ऐकणारा ताठ बसतो. चिठ्ठीचं काम एवढंच, त्याला ताठ बसवायचं.

या कोपऱ्याचा इतिहास त्या दुकानापासून चालत जाता येईल इतका जवळ घडलेला आहे. ड्रुरी लेनवर न्यू लंडन थिएटर होतं. आता त्याला गिलियन लिन यांचं नाव दिलं आहे. १२ मार्च १९७८ ला तिथं पाच देशांतले पाच बँड एका दिवशी वाजले. इंग्लंडचा हेन्री काऊ, इटलीचा स्टॉर्मी सिक्स, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना, बेल्जियमचा युनिव्हेर झेरो, फ्रान्सचा एत्रॉं फू ललूब्लां. नाव दिलं होतं 'रॉक इन ऑपोझिशन', आणि रेकॉर्ड कंपन्यांना जे संगीत तुम्हाला ऐकू द्यायचं नाही ते हे, असं उघड म्हटलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी ही मंडळी पुन्हा भेटली आणि नव्या बँडना आत घेण्यासाठी तीन अटी ठरवल्या: संगीत उत्तम हवं, व्यवसायाच्या यंत्रणेबाहेर राहून काम हवं आणि समाजाशी बांधिलकी हवी. फ्रान्सचा आर झोइद आणि बेल्जियमचा आक्साक माबूल असे बँड त्यानंतर आत आले. ही संघटना फार काळ टिकली नाही. पण तिच्या नावानं या प्रकारच्या संगीताची जी ओळख झाली ती आजही रॅकवरच्या पाटीवर आहे.

आपल्या पुणेकराला त्या पाचांपेक्षा जवळचा वाटतो तो हेन्री काऊचा ड्रमर क्रिस कटलर, आणि तेही त्याच्या ड्रम्समुळे नव्हे. १९७८ सालीच कटलरनं लंडनमध्ये 'रेकमेंडेड रेकर्ड्स' सुरू केलं. ज्यांना कुठलीच मोठी कंपनी उभं करत नव्हती अशांच्या रेकॉर्ड जमवायच्या, काढायच्या आणि टपालानं लोकांपर्यंत पोचवायच्या, हा उद्योग. जर्मनीच्या फाउस्ट या बँडच्या मिळेनाशा झालेल्या रेकॉर्ड त्यानं पुन्हा काढल्या. अटलांटिकच्या पलीकडे मेरिलँडमध्ये स्टीव्ह फायगनबॉम यानं तसंच टपाली दुकान चालवलं आणि १९८४ मध्ये क्यूनिफॉर्म ही कंपनी काढली. युनिव्हेर झेरो आणि प्रेझेंट आज अनेकांच्या घरी आहेत ते या कंपनीनं पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांमुळे. दोघांनी केलं ते मुळात शिफारशीचंच काम. ऐकणाऱ्याला कधी न भेटता, त्यानं कधी न ऐकलेल्या बँडवर त्याला पैसे टाकायला सांगायचं आणि तो भरवसा वर्षानुवर्षं राखायचा. काउंटरवर माणूस समोर असतो, त्याचा चेहरा वाचता येतो. टपालात तेही नाही.

शिफारशीची आणखी एक तऱ्हा त्याच काळातली. १९७९ मध्ये नर्स विथ वूंड या लंडनच्या नव्या गटानं आपल्या पहिल्या रेकॉर्डसोबत एक यादी छापली. गटात तिघं होते, स्टीव्हन स्टेपल्टन, जॉन फॉदरगिल आणि हेमन पाठक. यादीत त्यांना आवडलेल्या बँडची आणि कलाकारांची नावं, बस्स. ना वर्णन, ना रेकॉर्डचं नाव. पुढच्या रेकॉर्डसोबत यादी वाढली आणि आकडा २९१ वर गेला. पुढं पिढ्यान्‌पिढ्या रेकॉर्ड जमवणारे ती यादी हातात घेऊन दुकानं पालथी घालत राहिले. आजही कुणी कुणी तिची घडी घातलेली प्रत घेऊन येतं, नावांवर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या असतात. अशा माणसाला हा पुणेकर काही सुचवायला जात नाही. त्याला हव्या त्या गोष्टी काढून देतो आणि दुकानातला हेडफोन हवा तितका वेळ वापरू देतो. यादीवर चालणाऱ्याला शोधण्यातच आनंद असतो, त्यात मध्ये पडू नये.

फाउस्टची गोष्ट मात्र तो सगळ्यांना सांगतो. १९७३ मध्ये व्हर्जिन कंपनीनं 'द फाउस्ट टेप्स' ही पूर्ण लांबीची रेकॉर्ड एका सिंगलच्या किमतीत विकली. स्वस्त म्हणून ती हजारोंनी खपली आणि ज्या घरांत असलं काही कधी गेलं नसतं त्या घरांत तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला, मध्येच तुटणारा, मध्येच गोड होणारा हा गोंगाट जाऊन पोचला. पुष्कळांना ती अजिबात सोसली नाही. पण ज्यांना सोसली त्यांच्यातले काही पुढं आयुष्यभर याच वाटेनं गेले. किंमत हीसुद्धा शिफारसच असते, हे त्यानं त्यातून घेतलं. कोपऱ्यात एक खोकं तो कायम स्वस्त रेकॉर्डचं ठेवतो: कव्हर फाटलेलं, कडेला ओरखडा असलेलं, पण वाजायला ठीक. कॉलेजची पोरं तिथूनच सुरुवात करतात.

एका दिवाळीत तो पुण्याला आला तेव्हा युनिव्हेर झेरोची १९७७ ची पहिली रेकॉर्ड लॅपटॉपमध्ये होती. मामा भजनी मंडळात पेटीची साथ करणारे. बैठकीच्या गाण्यावर वाढलेला, चुकलेली मात्रा लगेच ऐकू येणारा कान. "मामा, जरा हे ऐका, यात पेटी आहे," असं म्हणून त्यानं 'रोंद' हा पंधरा मिनिटांचा पहिला तुकडा लावला. मामांनी डोळे मिटले. बसून आला, व्हायोलिनं आली, मागून पेटीचा जाड, हलणारा सूर आला. मामांची बोटं मांडीवर मात्रा मोजायला लागली, अडखळली, पुन्हा मोजायला लागली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हा साथ करत नाहीये. हा अडवतोय." थोड्या वेळानं, "भाता बघ कसा ओढलाय, सूर फुगवून सोडतोय. आपण असं केलं तर गाणारा उठून जाईल." आणि तुकडा संपल्यावर, "पुन्हा लाव."

युनिव्हेर झेरोवर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे, पण त्या पेटीचं काम इतक्या थोडक्यात सांगणारं त्याला कुठं सापडलं नाही. त्या रेकॉर्डवर एमान्यूएल निकेज हार्मोनियम वाजवतो. तिला एक लांबचा इतिहास आहे. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेन यानं घेतलं. मोठा पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चमधून आणि घरांतून ते वाद्य युरोपभर गेलं. आपल्याकडे आलं, जमिनीवर बसून हातानं भाता हलवायचं झालं, नाट्यसंगीतात आणि भजनात मुरलं, आकाशवाणीनं १९४० ते १९७१ इतकी वर्षं बंदी घालूनही हटलं नाही. आपल्या कानाला पेटी म्हणजे आधार देणारा सूर. युनिव्हेर झेरोनं तीच पेटी तिच्या चर्चच्या कुळाकडे परत नेली आणि प्रार्थनेतली शांतता काढून घेतली. म्हणून मराठी माणसाला ही रेकॉर्ड सुचवताना त्याला क्रिम्सनमार्गे जावं लागत नाही. पेटीवर कान ठेवा, एवढं पुरतं.

तबला शिकलेल्यांसाठी वाट आणखी वेगळी. त्यांना काळोखापेक्षा हिशेब आधी मोहात पाडतो. 'लार्क्स टंग्ज'च्या दुसऱ्या भागात मुख्य तुकडा दहा मात्रांत फिरतो. पण झपतालासारखा दोन-तीन-दोन-तीन नाही. त्याची वाटणी तीन-तीन-दोन-दोन आहे. झपताल अंगात मुरलेला माणूस पहिल्या आवर्तनाला हसतो, दुसऱ्याला भुवया चढवतो, तिसऱ्याला मोजायला लागतो. महाविष्णू ऑर्केस्ट्राची १९७३ ची 'बर्ड्स ऑफ फायर' त्याच हातांना द्यावी. शीर्षकाचा तुकडा अठराच्या चालीत आहे. तिथं वादळ आहे, पण अंधार कमी. म्हणून तो ती मधल्या पायरीवर ठेवतो, शेवटच्या नाही.

फ्रान्सच्या मॅग्माचं काय करायचं हा प्रश्न मात्र दर वेळी नव्यानं पडतो. ड्रमर क्रिस्तियान वान्देर यानं १९६९ मध्ये पॅरिसमध्ये हा बँड उभा केला आणि त्याच्यासाठी कोबायन नावाची एक भाषाच रचली. १९७३ ची 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमान्दो' म्हणजे आवाजांची आणि ड्रम्सची सतत चढत जाणारी लाट आहे. "गाणं नको" म्हणणाऱ्याच्या हातात ती द्यायची कशी? त्याचा अनुभव असा, की अशा माणसाची तक्रार बहुधा अर्थाबद्दल असते. प्रेमभंगाच्या ओळी आणि ठरावीक यमकं त्याला नकोशी झालेली असतात, माणसाच्या गळ्याशी त्याचं वैर नसतं. तराणा ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लंडनमध्ये सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर मॅग्मा बहुतेक वेळा परत येत नाही.

परत येतात त्या रेकॉर्डमध्ये एक नाव मात्र वारंवार येतं, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. गॉडस्पीडची पहिली मोठी रेकॉर्ड १९९७ ची. तिचं नाव एफ शार्प, ए शार्प आणि अनंताची खूण. एलपीच्या शेवटची खाच स्वतःतच मिळवलेली आहे, त्यामुळे सुई उचलेपर्यंत शेवटचा तुकडा फिरत राहतो. नवखा माणूस रेकॉर्ड अडकते आहे म्हणून ती घेऊन येतो. त्याला ती चूक नसून रचना आहे हे सांगताना पुणेकराच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो बघण्यासारखा. सुरुवातीच्या प्रतींच्या पाकिटात आगगाडीखाली चिरडून चपटं केलेलं एक नाणंही घातलेलं असे. ते नाणं शाबूत असलेली प्रत दुकानात आली की तो ती लगेच विकायला ठेवत नाही. आधी कोपऱ्यात येणाऱ्या नेहमीच्या लोकांना दाखवतो, हातात घेऊ देतो.

भयपटवाल्यांची वाट सर्वात सोपी, पण त्या वाटेवर मध्येच थांबू नये असं त्याला वाटतं. दारिओ अर्जेन्तोच्या 'सुस्पिरिया'साठी गॉब्लिननं १९७७ मध्ये केलेलं संगीत सगळ्यांना माहीत असतं. त्यात तबला आहे आणि ग्रीक बुझुकी आहे हे फारसं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. तिथून तो रोमान पोलान्स्कीच्या 'मॅकबेथ'साठी थर्ड इअर बँडनं केलेल्या संगीताकडे नेतो. ओबो, व्हायोलिन, चेलो आणि हाताच्या थापेचे ड्रम. आणि मग आर झोइद. मुर्नाऊच्या जुन्या मूक 'नोस्फेरातू'ला त्यांनी संगीत दिलं. इथवर आलेला माणूस आता पडद्याशिवाय ऐकायला तयार झालेला असतो.

स्वीडनच्या नव्वदच्या दशकातल्या रेकॉर्डबद्दल तो थोडक्यात बोलतो, पण प्रेमानं. अँग्लागार्डची 'एपिलोग', १९९४ ची, जवळजवळ पूर्णपणे वाद्यांची आहे. तीत जुन्या मेलोट्रॉनचा आवाज भरलेला आहे. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि तो सुमारे आठ सेकंद चालतो. पट्टी सोडली की फीत परत जागेवर जाते. व्हायोलिनच्या ताफ्यासारखा वाटणारा तो किंचित थरथरता आवाज त्या फितीमुळे येतो. ही माहिती चिठ्ठीवर लिहिल्यापासून ती रेकॉर्ड लवकर जाते. लोकांना आवाज कसा तयार होतो हे कळलं की त्यांना तो जास्त ऐकू येतो.

युनिव्हेर झेरोची दुसरी रेकॉर्ड 'हेरेसी', १९७९ ची, तो कुणालाही पहिली म्हणून देत नाही. तिचा पहिला तुकडा 'ला फो' पंचवीस मिनिटांचा. आरंभी लांबच लांब घरघर, कळत नसलेली पुटपुट, मग व्हायोला आणि बसून मंद गतीनं पुढं येतात, आणि कुठंही सुटका नाही. त्याच्या मते त्या कोपऱ्यातली ही सर्वात काळी रेकॉर्ड आहे. म्हणूनच तो गिऱ्हाइकाला थांबवतो. "आधी पहिली रेकॉर्ड महिनाभर ऐका, मग या," असं सांगून विक्री पुढं ढकलतो. काही जण रागावतात. जे परत येतात, ते 'हेरेसी' घरी नेतात आणि ठेवून घेतात. या रेकॉर्डमधला अंधार ढगासारखा आपोआप जमलेला नाही. लिहून काढलेल्या, बसवून बसवून घट्ट केलेल्या रचना आहेत. बसून कधी थांबणार आणि ड्रम कधी पडणार हे ठरलेलं आहे. ते ऐकू यायला कानाला सराव लागतो आणि सराव आधीच्या पायऱ्यांवरच होतो.

किंग क्रिम्सनचा सगळा संग्रह २०१९ साली मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर आला. तोवर 'रेड' ऐकायची म्हणजे ती विकत घ्यायची किंवा कुणाकडून आणायची, असं होतं. आता कुणीही, कुठंही, एका बोटानं ऐकू शकतं. त्यामुळे दुकानात येणाऱ्यांचे प्रश्न बदलले आहेत. "हे मिळेल का?" हे आता फारसं कुणी विचारत नाही. "यानंतर काय?" हे सगळे विचारतात. त्याला हे आवडतं. त्याच्या मते या कामाचा मुळात हाच भाग खरा होता.

ज्यांनी यातलं अजून काहीच ऐकलेलं नाही त्यांनी आज रात्री 'रेड'चा शीर्षकाचा तुकडा लावावा. तो सहा मिनिटांचा आहे. हेडफोन घालावा, फोन पालथा ठेवावा, दुसरं काही करू नये. तो सोसला तर उद्या त्याच रेकॉर्डवरचा 'प्रॉव्हिडन्स' ऐकावा. तो ३० जून १९७४ ला अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात ऐन मैफिलीत, काहीही न ठरवता वाजवलेला आहे. घरात पेटी वाजवणारं कुणी असेल तर युनिव्हेर झेरोची पहिली रेकॉर्ड आधी त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणतात ते नीट ऐका. 'हेरेसी' सध्या बाजूला ठेवा.